गिऱ्हाईक फोनवर जे विचारतं, तेच वेबसाइटवर लिहा

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका काकांची वेबसाइट मी सांभाळते. त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा साइट होती, पण ती पाहून कुणी फोन केल्याचं काकांना आठवत नव्हतं. पहिल्याच पानावर वाक्य होतं, 'आम्ही दर्जेदार व विश्वासार्ह सेवा देण्यास कटिबद्ध आहोत.' शेजारी कुठल्या तरी हसऱ्या बाईंचा विकतचा फोटो. मी तासभर बसले होते, तेवढ्यात काकांना चार फोन आले. त्यातल्या दोघांचा प्रश्न एकच होता: "मशीन खालून दोऱ्याचा गुंता करतंय, काय झालं असेल?" काकांनी दोघांनाही तेच उत्तर दिलं, दुसऱ्यांदाही तितक्याच शांतपणे. आणि साइटवर 'गुंता' हा शब्द शोधून सापडत नव्हता.

साइटवर काय लिहायचं, हे कुणीतरी रोज फोन करून आपल्याला सांगत असतं. आपण ते उतरवून घेत नाही, एवढंच. पुढचं सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे. तुमचा धंदा दुरुस्तीचा असो, विक्रीचा किंवा सल्ल्याचा, क्रम हाच राहतो.

## आधी वही

साइट कुणाकडून करून घ्यायची, रंग कोणता, लोगो कसा, हे सगळं पंधरा दिवस बाजूला ठेवा. फोनशेजारी एक वही ठेवा आणि येणारा प्रत्येक प्रश्न तीत लिहा, गिऱ्हाइकाच्या तोंडचा जसाच्या तसा. 'वरच्या दोऱ्याचं टेन्शन (म्हणजे ताण) बिघडलंय' असं कुठलंच गिऱ्हाईक म्हणत नाही. ते म्हणतं 'खालून गुंता होतो', 'टाके सुटतात', 'सुई सारखी तुटते', 'जाड कापडावर अडतं'. कारागीर लिहायला बसला की त्याच्या हातून कारागिराचे शब्द उतरतात. शोधणारा मात्र आपले शब्द टाइप करतो. त्यामुळे वहीतला प्रश्न शुद्ध करायचा मोह आवरा.

वहीला तीन रकाने आखा. पहिल्यात प्रश्न, दुसऱ्यात तुम्ही दिलेलं उत्तर, तिसऱ्यात पुढे काय झालं: काम आलं, नुसती चौकशी राहिली, की माणूस 'बघतो' म्हणाला आणि गायब झाला. तिसरा रकाना भरायचा सगळ्यांना कंटाळा येतो, पण माझ्या मते वहीची खरी किंमत तिथेच आहे. ज्या प्रश्नानंतर माणसं गायब होतात, तिथे आपलं उत्तर कुठेतरी कमी पडतंय किंवा उशिरा पोचतंय.

जुना माल शोधायचा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपच्या शोधात 'किती' टाका, मग 'कधी', मग 'चालेल का'. दोन वर्षांचे प्रश्न पाच मिनिटांत समोर येतात. काकांकडे असे साठेक प्रश्न जमले. सारखे सारखे एकत्र केल्यावर वीसेक उरले. छोट्या धंद्याला तेवढे वर्षभर पुरतात.

आता क्रम लावा. माझा क्रम असा: सगळ्यात आधी पैशाचे प्रश्न, मग अडचणीचे, मग 'हे घेऊ की ते' असे तुलनेचे, आणि शेवटी निगा राखण्याचे. बहुतेक जण नेमके उलट्या बाजूने सुरू करतात, कारण निगा राखण्याच्या दहा टिपा लिहिणं सोपं असतं. पण त्या वाचणाऱ्याचं मशीन धड चालू असतं. त्याला आज तुमची गरज नाही.

पैशाचे प्रश्न आधी का, याचं एक गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं आहे. मार्कस शेरिडन आणि त्याचे भागीदार फायबरग्लासचे पोहण्याचे तलाव बसवून द्यायचे. २००८ च्या मंदीत त्यांची कंपनी बुडायच्या बेतात आली. जाहिरातीला पैसा उरला नव्हता, तेव्हा त्याने गिऱ्हाइकांचे प्रश्न काढले आणि साइटवर एकेकाचं उत्तर लिहायला घेतलं. सगळ्यात जास्त चाललेला लेख होता 'असा तलाव बसवायला खर्च किती येतो'. धंद्यातले बाकीचे लोक हा प्रश्न साइटवर टाळत होते, आणि शोधणाऱ्यांना तोच हवा होता. कंपनी तरली.

## शब्द गूगलला विचारून पाहा

वहीतला प्रश्न गूगलमध्ये टाइप करायला लागा आणि अर्ध्यावर थांबा. खाली सुचवण्या येतात, त्या लोकांच्या खऱ्या शोधांवरून बनलेल्या असतात. निकालांच्या मधोमध 'लोक हेही विचारतात' अशी चौकट दिसते आणि पानाच्या तळाशी संबंधित शोध असतात. त्यातला एखादा प्रश्न तुमच्या वहीत नसेल पण तुम्हाला ओळखीचा वाटला, तर तोही टिपून घ्या. एकाच गोष्टीला दोन शब्द असतील, समजा 'शिवणयंत्र' आणि 'शिलाई मशीन', तर गूगल ट्रेंड्सवर दोन्ही शेजारी ठेवून कुठला जास्त शोधला जातो ते पाहता येतं. पैसे लागत नाहीत.

मग पहिल्या पानावर कोण बसलंय ते बघा. सगळे दहा निकाल बड्या कंपन्यांचे असतील तर त्या रांगेत धक्काबुक्की करू नका. प्रश्न अरुंद करा. 'शिलाई मशीन दुरुस्ती' हा फार रुंद शब्द आहे. 'जीन्स शिवताना सुई तुटते' इथे गर्दी कमी असते, आणि येणारा माणूस नेमकी अडचण घेऊन आलेला असतो.

भाषेचंही इथेच ठरवा. तुमचं गिऱ्हाईक मराठीत शोधत असेल तर पान मराठीत हवं, आणि ते युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईल आणि सर्च इंजिन दोघांनाही वाचता येणाऱ्या आजच्या प्रमाण पद्धतीत हवं. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दिसायला मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरांची खिचडी असते आणि सर्च इंजिनाला तीच दिसते. 'गुंता' शोधणाऱ्याला ते पान मिळणारच नाही. चित्रावर कोरलेल्या मजकुराचीही तीच गत, त्याच्या भरवशावर राहू नका.

## घर कुणाच्या नावावर?

तांत्रिक भाग मी थोडक्यात उरकणार आहे. अपवाद एका गोष्टीचा. साइटचं नाव, म्हणजे डोमेन, तुमच्या स्वतःच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या पैशाने घेतलेलं असू द्या. साइट बनवणारा म्हणतो, 'काळजी नको, मी घेऊन टाकतो', आणि आपण सुटलो असं आपल्याला वाटतं. माझ्या एका ग्राहकाने असंच केलं. दोन वर्षांनी बनवणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं, नूतनीकरणाची तारीख उलटली आणि पाटीवर, बिलांवर, कार्डांवर छापलेलं नाव हातचं गेलं. सगळं नव्याने छापावं लागलं. खातं तुमचं असू द्या, बनवणाऱ्याला त्यात फक्त प्रवेश द्या. आपोआप नूतनीकरण चालू ठेवा.

बाकी वर्डप्रेस हे साइट बनवायचं सॉफ्टवेअर घ्या किंवा तयार साचे देणारी एखादी सेवा घ्या. निकष एकच: चूक दिसली तर कुणालाही फोन न करता तुम्हाला ती दुरुस्त करता आली पाहिजे. ज्या साइटवर सुट्टीची तारीख बदलायला तिसऱ्या माणसाची मनधरणी करावी लागते, ती सहा महिन्यांत शिळी होते. पत्त्याच्या सुरुवातीला https असलेली सुरक्षित जोडणी हवीच. तिचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ च्या अखेरीपासून फुकट देते आणि साइट ठेवायला जागा देणाऱ्या बऱ्याच होस्टिंग कंपन्या ते आपणहून बसवून देतात. त्याचे वेगळे पैसे कुणी मागितले तर का, ते विचारा.

आणि ही माझी स्वतःची चूक. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' नावाच्या पानावर एक चौकट असते. तिच्यात खूण असली की सर्च इंजिनांना सांगितलं जातं, ही साइट नोंदवू नका. साइट बांधताना ती चालू ठेवतात, म्हणजे अर्धवट पानं बाहेर दिसत नाहीत. मी एका साइटवर ती काढायला विसरले. अडीच महिने आम्ही पानं लिहीत होतो आणि गूगल का घेत नाही म्हणून डोकं खाजवत होतो. साइट उघडल्या दिवशी ती चौकट स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्या.

## कुठली पानं हवीत

एक मुख्य पान, प्रत्येक सेवेचं स्वतंत्र पान, 'आम्ही कोण', संपर्क, आणि उत्तरांची पानं. सेवांची एकच लांबलचक यादी करू नका. घरगुती मशीनची दुरुस्ती, कारखान्यातल्या मशीनची दुरुस्ती आणि जुन्या मशीनला मोटर बसवणं ही कामं तीन वेगळी माणसं वेगवेगळ्या शब्दांत शोधतात. प्रत्येकाला थेट आपल्या पानावर उतरता आलं पाहिजे.

मुख्य पानाच्या पहिल्या पडद्यावर, म्हणजे मोबाईलवर बोट न सरकवता जेवढं दिसतं तेवढ्यात, चार गोष्टी बसवा: काय करता, कुठे करता, कधी उघडं असतं, फोन नंबर. नंबरावर बोट टेकवलं की फोन लागला पाहिजे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण किती साइट्सवर नंबर चित्रात कोरलेला असतो ते बघा. आपण काय करत नाही, हेही लिहा. काका भरतकामाची कॉम्प्युटरवाली मशीनं घेत नाहीत. ते साइटवर लिहिल्यापासून तसले फोन कमी झाले आणि उरलेले फोन कामाचे निघाले.

## एक उत्तर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आता खरं लिहिणं. यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्यात जास्त गाड्या इथेच अडतात.

काकांना मी म्हटलं, गुंत्याबद्दल लिहून द्या. दोन दिवसांनी कागद आला. त्यावर पहिलं वाक्य होतं: 'शिलाई मशीन हा मानवी जीवनातील अत्यंत महत्त्वाचा शोध असून…' शाळेतला निबंध हातातून जात नाही, कुणाच्याच. मग मी फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि काकांना विचारलं, "काका, खालून गुंता होतोय, काय करू?" ते जे बोलले ते मी उतरवलं, थोडं झाडलं, आणि पान असं सुरू झालं:

'कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होत असेल तर बहुतेक वेळा चूक वरच्या दोऱ्याची असते, खालच्या दोऱ्याच्या रिळाची, म्हणजे बॉबिनची नसते. आधी वरचा दोरा पूर्ण काढा. प्रेसर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर उचला आणि मगच दोरा पुन्हा ओवा. फूट खाली असताना ओवलं तर दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये बसत नाही. मग तो सैल राहतो, टाका वर ओढला जात नाही आणि खाली फासे साचत जातात.'

पहिल्या दोन ओळींत उत्तर, मग कृती, मग कारण. वाचणारीच्या समोर अर्धवट शिवलेलं कापड अडकून पडलेलं आहे, तिला मशीनचा इतिहास नको आहे. वेबसाइट वापरायला किती सोप्या आहेत याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९७ साली वेबवर लोक कसं वाचतात ते तपासलं, तेव्हा १०० पैकी ७९ जण नव्या पानावरून नुसती नजर फिरवतात असं त्यांना आढळलं. तेव्हा तर मोबाईलही हातात नव्हते.

त्यानंतरचा भाग: 'तरीही गुंता होत असेल तर सुई बदला. घरगुती मशीनच्या सुईच्या मुठीची एक बाजू चपटी असते. ती कुठल्या दिशेला हवी ते मशीनच्या पुस्तिकेत पाहा; उलटी बसली तर टाका धड पडत नाही.' आणि मग मला सगळ्यात आवडणारा परिच्छेद: 'मशीन बंद करून हाताने चाक फिरवा. अडकत असेल तर मोटर चालवून जोर लावू नका. आत दोरा अडकलेला असू शकतो, तशीच चालवली तर आणखी काही मोडेल. अशा वेळी आणून दाखवा.' त्याखाली नंबर आणि वेळ.

ही शेवटची रेघ आखता येणं म्हणजेच कारागिरी. इथपर्यंत तुम्ही करा, इथून पुढे मी. नुसत्या माहितीची पानं पैशाला पासरी मिळतात. कुठे थांबायचं हे सांगणारं पान मात्र तो धंदा रोज करणाऱ्यालाच लिहिता येतं.

फोटो स्वतःचे काढा. बरोबर ओवलेला दोरा आणि चुकीचा ओवलेला दोरा, एकाच कोनातून, शेजारी शेजारी. काकांच्या बोटाला तेल लागलेलं दिसतं एका फोटोत. तो मुद्दाम ठेवला.

शीर्षक वहीतल्या शब्दांत: 'शिलाई मशीन खालून दोऱ्याचा गुंता करतंय? आधी हे करून पाहा'. शोधाच्या यादीत लांब शीर्षक कापलं जातं, म्हणून अडचणीचे शब्द पुढे आणि दुकानाचं नाव मागे. खाली येणारं दोन ओळींचं वर्णनही स्वतः लिहा. त्याने क्रमांक चढत नाही, पण ते वाचून माणूस बोट टेकवायचं की नाही ते ठरवतो. कुणी 'कीवर्ड टॅग', म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपवलेली शोधशब्दांची यादी, भरायला सांगितले तर हसून सोडून द्या. वेबवरच्या शोधाची क्रमवारी लावताना आपण ते बघतच नाही, असं गूगलने २००९ सालीच जाहीर केलंय.

## 'सगळं फुकट सांगितलं तर येईल कोण?'

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, काकांनीही विचारला. मी त्यांनाच उलट विचारलं, फोनवर सांगता ते काय विकत देता? फूट वर करून ज्याचं काम भागणार आहे, तो तसाही मशीन उचलून तुमच्याकडे येणार नव्हता, आणि आला असता तर एवढ्याशा गोष्टीचे पैसे देताना त्याचं तोंड वाकडं झालं असतं. तोच माणूस पुढच्या खेपेला खरा बिघाड झाल्यावर कुणाचं नाव आठवेल, याचा विचार करा. दुसरं असं, की कृती वाचून निम्म्या लोकांना कळतं, हे आपलं काम नव्हे. तेही येतात, आणि घासाघीस कमी करतात, कारण कामात काय काय असतं ते त्यांनी वाचलेलं असतं.

ज्या धंद्यात चुकीच्या घरगुती प्रयोगाने माणसाला इजा होऊ शकते, वीज, गॅस, औषधं, तिथे मात्र हात आखडता घ्या. तिथलं उपयोगी पान म्हणजे 'कशाला हात लावू नये आणि आम्ही येईपर्यंत काय बंद करावं'.

## दराचं पान

'प्रत्येक काम वेगळं असतं, म्हणून दर सांगता येत नाही,' असं सगळेच म्हणतात. ते खरंही असतं. मग तेच समजावून लिहा. दर कशाने वाढतो: भाग बदलावा लागतो का, तो सहज मिळतो का, मशीन घरी येऊन बघायचंय का. कशाने कमी होतो. नेहमीच्या तीन-चार कामांना साधारण कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती लागतात. नुसतं तपासायचे पैसे घेता का, आणि काम तुम्हालाच दिलं तर ते बिलातून वजा होतात का. आकडा सांगितल्याशिवाय मशीन उघडत नाही, असा तुमचा नियम असेल तर तो ठळक लिहा, गिऱ्हाइकाची खरी भीती तीच असते.

स्पर्धक बघेल, ही धास्ती सोडा. त्याला तुमचे दर आधीच ठाऊक असतात. पानावर 'शेवटचा बदल' म्हणून तारीख टाका आणि दर बदलले की त्याच दिवशी ती बदला.

## फोटो हलके, पान हलकं

साइट मंद असण्याचं कारण निम्म्या वेळा फोटो असतात. मोबाईलने काढलेला चार हजार पिक्सेल रुंदीचा फोटो तसाच चढवला जातो. चढवण्याआधी त्याची रुंदी १६०० पिक्सेलच्या आसपास आणा आणि वेबपी या प्रकारात साठवा, वजन बरंच उतरतं. प्रत्येक फोटोला एक ओळीचं वर्णन द्या. दृष्टिहीनांचं स्क्रीन वाचणारं सॉफ्टवेअर तीच ओळ वाचून दाखवतं.

गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्सवर पत्ता टाकला की पानाची तपासणी फुकट होते. तिथले शंभरातले गुण फार मनाला लावून घेऊ नका. एकच आकडा बघा: पानावरची मुख्य गोष्ट दिसायला अडीच सेकंदांपेक्षा जास्त लागू नयेत. आणि तपासणी मोबाईलचीच बघा. गूगल आता पानाची मोबाईलवरची आवृत्ती वाचूनच नोंद करतं. २०१६ साली जाहीर केलेला तो बदल २०२३ मध्ये पूर्ण झाला.

## नकाशावरची पाटी

गिऱ्हाईक तुमच्यापर्यंत चालत येत असेल किंवा तुम्ही त्याच्या घरी जात असाल, तर गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या नकाशावर दिसणारी दुकानाची नोंद, भरायलाच हवं. तेही फुकट आहे. आसपासच्या शोधात कोण वर दिसणार हे तीन गोष्टींवरून ठरतं असं गूगल सांगतं: शोधाशी मेळ, अंतर आणि नावलौकिक. पैसे भरून हा क्रम बदलून मिळत नाही, तेव्हा 'पहिला नंबर लावून देतो' असा फोन आला तर ठेवून द्या. अंतर आपल्या हातात नाही. मेळ साधायचा तर प्रकार नेमका निवडा, सेवा एकेक करून भरा, आणि नाव, पत्ता, फोन साइटवर आहे अगदी तसाच ठेवा. सुट्टीच्या वेळा आधी बदला. 'उघडं आहे' वाचून आलेला माणूस बंद शटर बघून जे लिहितो ते वर्षानुवर्षं तिथे राहतं.

अभिप्राय मागायला लाजू नका, पण वेळ साधा. मशीन हातात देताना मागितलं तर माणूस 'हो हो' म्हणतो आणि विसरतो. काका दोन दिवसांनी 'मशीन नीट चालतंय ना?' एवढा निरोप पाठवतात, आणि हो आलं की अभिप्रायाचा दुवा देतात. तक्रार असेल तर ती तिथेच कळते, हा वरचा फायदा. मात्र दुवा सगळ्यांना द्यायचा, नाराज माणसालाही. फक्त खूश गिऱ्हाइकं निवडून त्यांच्याकडूनच अभिप्राय घेणं, किंवा त्याबदल्यात सूट देणं, दोन्ही गूगलच्या नियमांत बसत नाही. वाईट अभिप्रायाला उत्तर देताना तो लिहिणाऱ्याशी भांडू नका. ते उत्तर पुढचं गिऱ्हाईक वाचणार आहे, त्याला उद्देशून लिहा: काय झालं, आम्ही काय केलं, कुठे फोन करावा.

## सर्च कन्सोल वाचायचं कसं

गूगल सर्च कन्सोल या गूगलच्या फुकट साधनात साइट जोडा आणि साइटमॅपचा, म्हणजे साइटवरच्या पानांच्या यादीचा, पत्ता द्या. मग निदान तीन महिने तिकडे रोज रोज बघू नका. नव्या साइटला वेळ लागतो. तिथे परफॉर्मन्सच्या अहवालात दिसतं, लोकांनी काय टाइप केल्यावर तुमचं पान यादीत आलं, किती वेळा आलं, कितींनी उघडलं आणि सरासरी कितव्या क्रमांकावर होतं. गेल्या १६ महिन्यांची माहिती राहते.

दोन गोष्टी शोधा. पान यादीत पुष्कळदा येतंय, वरच्या क्रमांकावर आहे, पण कुणी उघडत नाही: शीर्षक बदला. पान आठव्या ते विसाव्या क्रमांकावर रेंगाळतंय: मजकुरात काहीतरी कमी आहे, आणि काय कमी आहे ते शोधांच्या यादीतच लिहिलेलं असतं. काकांचं 'टाके सुटतात' हे पान असंच मागे होतं. यादी उघडली तर निम्म्या शोधांत 'टी-शर्टच्या कापडावर' हे शब्द. पानात ताणल्या जाणाऱ्या कापडाचा उल्लेखच नव्हता. काका म्हणाले, "अगं त्याला साधी सुई चालतच नाही, टोक गोल असलेली लागते." मी म्हटलं, मग ते लिहिलंय कुठे? दोन परिच्छेद आणि दोन सुयांच्या टोकांचा जवळून काढलेला फोटो टाकला, आणि महिनाभरात पान वर सरकायला लागलं.

जुनं पान सुधारणं नवं लिहिण्यापेक्षा जास्त फळतं, असं माझं मत झालंय. त्यात मिरवण्यासारखं काही नसतं, म्हणून ते कुणी करत नाही.

## चटकन वाढवायचे उपाय

एकच मजकूर घेऊन त्यात फक्त गावाचं नाव बदलत पन्नास पानं करणं, दुसऱ्यांचे लेख फिरवून लिहिणं, किंवा एआयकडून एका रात्रीत दोनशे लेख पाडणं, या वाटेला जाऊ नका. क्रमवारी लावायच्या पद्धतीत फेब्रुवारी २०११ मध्ये केलेल्या 'पांडा' नावाच्या बदलापासून गूगल भरताड पानांच्या मागे लागलंय. ऑगस्ट २०२२ मध्ये माणसांसाठी लिहिलेल्या मजकुराला झुकतं माप देणारा बदल आला. मार्च २०२४ मध्ये तो मुख्य क्रमवारीत मिसळला गेला, आणि क्रमवारीत चढण्यासाठी घाऊक पानं पाडणं हा सरळ नियमभंग ठरला, मग ती यंत्राने पाडलेली असोत की माणसाने. एआय वापरा, मीही वापरते, पण रेकॉर्डिंग उतरवायला आणि चुका काढायला. काकांनी काय पाहिलंय ते त्याला माहीत नाही.

आता बऱ्याच शोधांवर एआयने तयार केलेलं उत्तर वरच दिसतं आणि काही लोक खाली येतच नाहीत. 'बॉबिन म्हणजे काय' अशा पानांना त्याचा फटका बसतो. तसली पानं लिहू नका. तुमचे फोटो, तुमचे दर, तुमच्याकडे आलेल्या मशीनची हकिगत, हे ज्याला हवंय त्याला तुमच्या दारात यावंच लागतं.

## मोजायचं काय

किती लोक साइटवर आले हा आकडा मी काकांना सांगतच नाही. वहीला चौथा रकाना जोडलाय: 'कुठून कळलं?' प्रत्येक नव्या फोनला काका तेवढं विचारतात. काही माणसं पान वाचून फोन करतात हे त्यांच्या बोलण्यावरूनच कळतं, ती कारागिरासारखी बोलायला लागलेली असतात.

परवाच एका बाईंचा फोन आला होता. "फूट वर करून दोरा ओवला, गुंता थांबला. पण आता चाक फिरवलं की आतून खरखर येते. तेल घातलं, तरी येते. मोटर लावलेली नाही, तुम्ही लिहिलंय तशी. उद्या आणू का?" काकांनी वेळ सांगितली, फोन ठेवला आणि वहीत लिहिलं: 'तेल घातलं तरी खरखर.' त्याचं पान अजून व्हायचंय.